गोव्याच्या तुरुंगातले चार इंग्रज आणि फादर स्टीफन्स

म्हैसूरच्या नजरबादमधून बोलतोय. या शहरात अशोका रोडवर कॅथलिकांचं सेंट फिलोमिना आहे आणि प्रोटेस्टंटांचं वेस्ली कॅथीड्रलही आहे. नाताळात तिथे रोषणाई बघायला जाणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना या दोघांतला फरक ठाऊक नसतो, आणि त्यावाचून आपलं काही अडतही नाही.

म्हणूनच केनेथ ब्रानाचा 'बेलफास्ट' (2021) बघताना आपण गोंधळतो. तारीख 15 ऑगस्ट 1969. आपल्याकडे झेंडावंदन, तिकडे एका गल्लीत जमाव शिरतो आणि कॅथलिक शेजाऱ्यांच्या घरांच्या काचा फोडतो. दोघांचा येशू एकच, मग भांडण कशाचं? उत्तर आयर्लंडात हे 1998च्या करारापर्यंत चाललं आणि साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली. धर्म हे पाटीवरचं नाव होतं. खाली प्रश्न होता तो राज्य कोणाचं, घरं आणि नोकऱ्या कोणाला, हाच.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या मराठीशी याचा काय संबंध? आहे, आणि तो चारशे वर्षं जुना आहे.

सोळाव्या शतकातलं इंग्लंड. मेरी राणीने शेकडो प्रोटेस्टंट जिवंत जाळले. पुढे एलिझाबेथच्या राज्यात पारडं फिरलं आणि कॅथलिक पाद्री फासावर जाऊ लागले. विल्टशरचा थॉमस स्टीफन्स आपला मित्र थॉमस पाउंड याच्याबरोबर रोमला निघायच्या बेतात होता. पाउंडला अटक झाली. कॅथलिक राहिल्यापायी त्याची जवळजवळ तीस वर्षं कैदेत गेली. स्टीफन्स निसटला, रोममध्ये जेझुइट झाला आणि ऑक्टोबर 1579मध्ये गोव्याला उतरला.

1583च्या अखेरीस होर्मुझला पकडलेले चार इंग्रज गोव्याच्या तुरुंगात आणले गेले: न्यूबेरी, फिच, लीड्स आणि चित्रकार स्टोरी. आरोप हेरगिरीचा. त्यामागे एका इटालियन व्यापाऱ्याची चहाडी होती, म्हणजे धंद्यातली असूया. पण प्रोटेस्टंट देशातून आलेली माणसं, आणि गोव्यात 1560पासून इन्क्विझिशन बसलेलं. 'पाखंडी' हा शिक्का बसला असता तर संपलंच.

त्यांच्यासाठी धावला कोण? फादर स्टीफन्स. ज्या राजवटीत त्याचा मित्र सडत होता तिचीच ही प्रजा. तरी लिन्स्होटन या आर्चबिशपच्या डच कारकुनासह त्याने खटपट केली, जामीन मिळवून दिला आणि ते नाताळच्या तोंडावर सुटले. मला वाटतं, परमुलखात कानावर पडलेली आपली बोली पंथापेक्षा जवळची ठरली असावी.

म्हणून त्याला संत करायचं कारण नाही. त्याच वर्षी जुलैत साष्टीतल्या कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइट मारले, कारण पोर्तुगीजांनी त्यांची देवळं पाडली होती. नंतर पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना दगा देऊन ठार केलं. जे इंग्लंडात कॅथलिकांनी सोसलं, तेच इथे कॅथलिक सत्ता हिंदूंना सोसायला लावत होती. देवळं गेलेल्या याच साष्टीत स्टीफन्सने उरलेलं आयुष्य काढलं. नव्याने बाटलेल्यांना पुराणांची ओढ होती. ती भागवायला त्याने जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' रचलं. ते 1616मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं.

सुटलेल्यांपैकी स्टोरी काही दिवस जेझुइटांचं चर्च रंगवत राहिला. बाकी तिघे गोव्यातून पळाले. लीड्स अकबराच्या चाकरीत राहिला. फिच 1591मध्ये लंडनला पोचला आणि पुढे ईस्ट इंडिया कंपनीवाले त्याचा सल्ला घेऊ लागले.

पुराणाचं काय झालं? जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत सापडत नाही. कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या कॅथलिक घरांनी हस्तलिखितं जपली, म्हणून 1907मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापता आलं. देवनागरीतली एक पोथी मात्र लंडनच्या ग्रंथसंग्रहात पडून होती. ती अभ्यासकांच्या नजरेस आणून दिली जस्टिन अ‍ॅबट यांनी. आपल्या संतांची चरित्रं इंग्रजीत नेणारे हे अ‍ॅबट अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे प्रोटेस्टंट पाद्री.