गुडघ्याच्या आसपास

पहिला ओव्हरकोट पुण्यात शिवला, 1994 च्या जुलैत. लंडनच्या नोकरीचं पत्र हातात होतं, बाहेर पाऊस कोसळत होता आणि लक्ष्मी रोडवरच्या एका माळ्यावरच्या दुकानात मी पंख्याखाली घाम पुसत गरम कापडाचे तागे चाचपत होतो. शिंपीबुवांनी लग्नाचे सूट शेकड्यांनी शिवले होते, ओव्हरकोट एकही नाही. मानेच्या हाडाला टेप लावून ती खाली सोडत त्यांनी विचारलं, "कुठपर्यंत घेऊ?" मी म्हणालो, "तिकडे थंडी फार म्हणतात. घ्या लांबच." टेप पोटरीच्या मध्यावर थांबली. 44 इंच. माझी उंची पाच फूट पाच. एवढे पैसे घालतोच आहोत तर कापडही भरपूर मिळावं, हा हिशेब दोघांनाही पटला. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतात, तसा मी सव्विसाव्या वर्षी कोट घेतला.

नोव्हेंबरात लंडनमध्ये तो पहिल्यांदा अंगावर चढला. थंडीचं काम त्यानं चोख केलं, तक्रार नाही. पण दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर जाताना पुढची बाजू हातानं उचलून धरावी लागे, लुगड्याच्या निऱ्या धराव्यात तशी. सरकत्या जिन्यावर मागची किनार पायरीला पुसत जाई. पाऊस झाला की खालचं वीतभर कापड पाणी पिऊन जड होई आणि संध्याकाळी हीटरजवळ वाळत घातलं की खोलीभर ओल्या मेंढीचा वास.

जानेवारीत महाराष्ट्र मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता. कोट काढून ठेवताना मागून आवाज आला, "अरे, हा तुला शिवलाय की तुझ्या वडिलांना?" नागपूरचे एक डॉक्टरकाका होते, 1966 साली आलेले. त्यांचा स्वतःचा कोट तपकिरी, जेमतेम अर्ध्या मांडीपर्यंतचा. मी विचारलं, "काका, एवढ्याशा कोटात थंडी नाही वाजत?" ते म्हणाले, "घरातून गाडीत, गाडीतून हॉस्पिटलात. मी चालतो कधी? चालणाऱ्याचा कोट वेगळा, बसणाऱ्याचा वेगळा."

हे वाक्य त्यांनी तिळगुळाच्या वडीबरोबर सहज दिलं आणि मी ते तीस वर्षं चघळतोय. कारण पुरुषांच्या कोटाची लांबी आजवर कशी हलली ते पाहायला गेलं, तर फॅशनवाले बऱ्याचदा मागून आलेले दिसतात. आधी येतं ते वाहन. किंवा चिखल.

घोड्यापासून सुरुवात करू. स्वारासाठी लांब कोट सोयीचा, कारण तो मांड्या-गुडघे झाकतो. पण बसता यावं म्हणून मागे उभी चीर हवी. आजच्या कोटाच्या पाठीला खाली जी चीर असते ती ह्या खोगिराची आठवण. घोडा गेला, चीर राहिली. घोड्यावरचाच दुसरा प्रकार म्हणजे कव्हर्ट कोट: आखूड, आतल्या जाकिटाच्या खाली इंच-दोन इंच उतरणारा, बाह्यांच्या टोकांना आणि खालच्या किनारीला शिलाईच्या चार-पाच समांतर ओळी. काटेरी झुडपांत कापड फाटू नये म्हणून त्या घातल्या, असं सांगतात. शहरात पायी हिंडणाऱ्या सभ्य गृहस्थासाठी चेस्टरफील्ड होता, गुडघ्याच्या आसपासचा, कमरेला जोड नसलेला, बहुधा मखमली कॉलरचा. एकोणिसाव्या शतकात त्याला एका अर्ल साहेबांचं नाव मिळालं.

मग 1914. पायदळाचा ग्रेटकोट जाड लोकरीचा, गुडघ्याखाली जाणारा. पहाऱ्यावर उभं राहायला उत्तम. पण फ्लँडर्सच्या खंदकांत चिखल गुडघाभर होता, आणि लोकर पाणी शोषते तसा चिखलही धरून ठेवते. भिजलेला कोट ओढत चालणं अशक्य झालं तेव्हा कित्येक सैनिकांनी सरळ चाकूनं खालचा घेर कापून टाकला. सरकारी मालमत्तेचं नुकसान, पण जीव महत्त्वाचा. फ्रेंच शिपायाचं बरं होतं. त्याच्या कोटाच्या पुढच्या दोन्ही टोकांना मागे वळवून बटणानं अडकवायची सोय होती, आपण धोतराचा काचा मारतो तशी. इंग्रज अधिकाऱ्यांनी आपापल्या पैशांनी दोन गोष्टी उचलल्या: 'ब्रिटिश वॉर्म' नावाचा आखूड, जाड लोकरी कोट, आणि गॅबर्डिनचा हलका ट्रेंच कोट. हे गॅबर्डिन थॉमस बर्बेरीनं 1879 मध्येच काढलं होतं. त्याचं खरं भाग्य खंदकात उजळलं. 1914 च्या सप्टेंबरात फ्रान्समधल्या मार्सेयला उतरलेल्या हिंदी पलटणींतले जवान मात्र सुती खाकी ड्रिलमध्येच आले होते आणि थंडी त्यांना गरम कपड्यांच्या आधी भेटली. लांबीचा प्रश्न पडायला आधी कोट असावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धात प्रश्न कापडाचा झाला. ब्रिटनमध्ये 1 जून 1941 ला कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. पहिल्या वर्षी माणशी 66 कुपनं, त्यातली 16 एकट्या ओव्हरकोटाला. पुढे पुरुषांच्या पॅंटच्या तळाशी वरती दुमडलेली पट्टी, जिला आपल्याकडचे शिंपी अजून 'टर्नअप' म्हणतात, तीच बंद केली. तर लोकांनी काय करावं? मापापेक्षा लांब पॅंट घ्यायची आणि घरी दुमडायची. हे वाचलं तेव्हा मला इंग्रज माणसाबद्दल पहिल्यांदा घरगुती प्रेम वाटलं. रेशनिंग 1949 च्या मार्चपर्यंत चाललं.

मग काकांची पिढी. मोटारी सुरुवातीला उघड्या होत्या तेव्हा चालक पायघोळ कोट घालून बसत. काचा आल्या, छप्पर आलं, हीटर आला, आणि लांब कोट गाडीत बसताना मांडीखाली गोळा होऊ लागला. पन्नास-साठच्या दशकांत 'कार कोट' अर्ध्या मांडीवर आला तो एवढ्यासाठी. काकांना फॅशनचं सोयरसुतक नव्हतं. त्यांनी ड्रायव्हिंग शिकल्यावर कोट घेतला, एवढंच. सत्तरच्या सुमाराला इथल्या कामगार वस्तीतली पोरं सावकार घालत तसा क्रॉम्बी कोट, गुडघ्याच्या वर ठेवून, मिरवू लागली. क्रॉम्बी ही स्कॉटलंडची गिरणी, 1805 ची, तिच्या मालकांना हे गिऱ्हाईक स्वप्नातही दिसलं नसेल.

ऐंशीनंतर मात्र फॅशननं सूत्रं हातात घेतली हे मान्य करायला हवं. आर्मानीनं खांदे सैल केले, कोट पुन्हा गुडघ्याखाली उतरला. म्हणजे माझा 44 इंची तंबू 1994 मध्ये अगदीच वेडगळ नव्हता. फक्त तो पाच फूट अकराच्या माणसासाठी होता.

दुसरा कोट मी 2006 मध्ये तयार घेतला, आणि लंबक पार दुसरीकडे गेला. तेव्हा सगळं आक्रसलं होतं: जाकिटं आखूड, पॅंट नळीसारख्या. मी घेतलेला पी-कोट 27 इंचांचा. खलाशांचा कोट तो. शिडावर चढणाऱ्याला लांब कापड परवडत नाही, हे त्याच्या आखूडपणाचं कारण. मी शिडावर चढत नव्हतो, ऑफिसला जात होतो, आणि माझं सुटाचं जाकीट साडेअठ्ठावीस इंच होतं. कोटाखालून दीड इंच जाकीट लोंबायचं, शर्ट बाहेर राहिलेल्या शाळकरी पोरासारखं. लांबीबद्दल बाकी काहीही मतभेद असोत, आतलं जाकीट झाकलं गेलं पाहिजे, ह्यावर जुने-नवे सगळे शिंपी एक आहेत. शिवाय प्लॅटफॉर्मवर वारा सुटला की मांड्या बर्फ. थंडी छातीला वाजते असं आपण म्हणतो. उभ्यानं गाडीची वाट पाहणाऱ्याला ती मांड्यांना वाजते. बाँडसुद्धा 2012 च्या 'स्कायफॉल'मध्ये पी-कोटात दिसला आणि 2015 च्या 'स्पेक्टर'मध्ये लांब काळ्या ब्रिज कोटात, म्हणजे त्यालाही उशिरानंच कळलं.

2018 मध्ये उत्तर लंडनमधल्या एका सायप्रसच्या म्हाताऱ्या शिंप्याकडे गेलो. तिसरा कोट विकत घेतला होता, तो फक्त दाखवायचा होता. त्यानं मला आरशासमोर उभं केलंच नाही. आधी खुर्चीवर बसवलं, मग दुकानाच्या तीन पायऱ्या चढायला-उतरायला लावल्या, मग विचारलं, कामाला कसा जातोस? ट्रेननं, म्हटलं, आणि पुढे पंधरा मिनिटं चालत. त्यानं टाचणी लावली ती गुडघ्याच्या वाटीच्या जरा वर, 36 इंचांवर. काका तेव्हा जाऊन चार वर्षं झाली होती.

पुढच्या खेपेला मी पुण्याचा कोट घेऊन गेलो. आठ इंच कापून दे म्हटलं. त्यानं मान हलवली. एवढं कापलं तर खिसे किनारीला टेकतील. शेवटचं बटण लोंबतं राहील. मागची चीर उरणारच नाही. दोन-तीन इंचांपलीकडे जाऊ नये. आणि उलट बाजूनं तर नाहीच, तो म्हणाला. कोट लहान होतो, लांब होत नाही, कापड आणणार कुठून?

बोलता बोलता त्यानं सवयीनं किनारीचं अस्तर दोन टाके उसवून आत बोट घातलं आणि थांबला. मग हळूहळू ओढत गेला. पुण्याच्या शिंपीबुवांनी आत आणखी तीन इंच कापड दुमडून ठेवलं होतं. त्यावर खडूची रेघ अजून तशीच होती, न भिजलेली.