जीआयएसच्या पोटातली तडतड

सकाळी ७. मुंबईजवळचं २२० केव्हीचं जीआयएस, म्हणजे वायू-निरोधित, सबस्टेशन. शटडाऊन घ्यायचा नाही, तरी वर्क परमिट लागतंच. अ‍ॅल्युमिनियमच्या जाड नळकांड्यांत दाबाखाली भरलेला एसएफ-६ वायू आणि मधोमध जिवंत वाहक. आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही.

८.३०. आधी हॉलची मोजणी. अँटेना मोकळ्या हवेत धरला की ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झच्या आसपास मोबाइलचे शेंडे दिसतात. ते टिपून ठेवल्याशिवाय मी कुणाला कपलरला, म्हणजे आतल्या लहरी टिपणाऱ्या सेन्सरला, केबल जोडू देत नाही. बाहेरचा गोंगाट ओळखता आला नाही, तर आतल्या दोषाबद्दल बोलूच नये.

९.३०. आतला आंशिक डिस्चार्ज नॅनोसेकंदाच्या आत उसळतो आणि त्याच्या लहरी ३०० ते ३००० मेगाहर्ट्झमध्ये, म्हणजे यूएचएफ पट्ट्यात, सापडतात. एका बेमध्ये, म्हणजे सबस्टेशनच्या एका विभागात, स्पंद दिसले. व्होल्टेजच्या २० मिलिसेकंदांच्या आवर्तनावर ते मांडले, तर कुठेच गोळा होत नव्हते, सगळीकडे विखुरलेले. सुटा धातूचा कण असावा. सैल झालेला भाग असता, तर साधारण एकाच उंचीचे स्पंद ठरावीक जागी दाटले असते.

११. दोन कपलरांमध्ये ६ मीटर अंतर. ऑसिलोस्कोपवर पहिल्याकडे सिग्नल ८ नॅनोसेकंद आधी पोचतो. लहर नॅनोसेकंदाला सुमारे ३० सेंटिमीटर जाते, म्हणजे उगम पहिल्यापासून १.८ मीटरवर. तिथे ग्रीस लावून ध्वनी-सेन्सर टेकवला. हेडफोनमध्ये टिक्, मग जरा थांबून टिक्-टिक्. नळकांड्याच्या तळाशी आवाज सर्वांत मोठा. कण उडतोय आणि पडतोय.

जेवण उशिरा, उभ्याउभ्याच.

३. त्या कंपार्टमेंटच्या वायूचा नमुना तपासला. सल्फर डायऑक्साइड सापडला नाही. म्हणून सगळं ठीक, असं धरू नये: वायू भरपूर, डिस्चार्ज बारीक, शिवाय आतला शोषक पदार्थ विघटनातून झालेले वायू ओढून घेतो.

५. साहेबांचा नेहमीचा प्रश्न: "किती पिकोकूलॉम?" यूएचएफवरून तो आकडा थेट निघत नाही, वाटेत सिग्नल झिजतो. मी रिपोर्टात तो लिहीत नाही. जागा लिहिली, दोषाचा प्रकार लिहिला, आणि जवळच स्पेसर, म्हणजे वाहकाला धरून ठेवणारा निरोधक, आहे हे ठळक लिहिलं. कण स्पेसरवर चिकटला तर पृष्ठभागावरून फ्लॅशओव्हर होऊ शकतो. कंपार्टमेंट उघडून साफ करायला शटडाऊनची तारीख मागितली. तोवर त्या दोन कपलरांवर मॉनिटर चालू राहील. स्पंद कितीवर गेले की मला फोन करायचा, ते रात्रपाळीच्या ऑपरेटरला लॉगबुकात लिहून दिलं.