टर्बो की हायब्रिड? फंडाच्या पैशातून घ्यायच्या गाडीचा हिशेब

२०२५ च्या दिवाळीत आमचा पुतण्या परतवाड्याहून आला, तो दोन कोटेशनचे कागद हातात घेऊनच. वडील, म्हणजे आमचे थोरले बंधू, त्याच वर्षी कारखान्यातून निवृत्त झालेले. फंडाची रक्कम नुकतीच बँकेत जमा झाली होती. त्या रकमेवर घरातल्या तिघांची नजर होती. पोराला स्वतःची गाडी हवी होती, धाकट्या पोरीला नर्सिंगची फी भरायची होती, आणि वहिनींना म्हातारपणासाठी काहीतरी शिल्लक ठेवायचे होते. पोरगा दहा वर्षे दुसऱ्याची जीप चालवतो. परतवाडा ते चिखलदरा, तिथून खाली सेमाडोह, धारणी आणि आडबाजूची गावे. शिक्षक, आरोग्यसेविका, बाजारकरू, कधी बाळंतीण. मालकाला रोजचा हिशेब द्यायचा आणि आपण पगारावर राहायचे. त्याला आता स्वतःच्या गाडीचे स्टिअरिंग हवे होते, आणि त्यात गैर काहीच नाही.

एका कागदावर डिझेलवर चालणारी टर्बो गाडी होती, दुसऱ्यावर पेट्रोल-हायब्रिड. दोन्हींच्या किमतीत सहा लाखांचा फरक. पोराचा ओढा हायब्रिडकडे. शोरूममध्ये त्याला सांगितले होते की ही लिटरला सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर देते. तो म्हणाला, "काका, तुमी कागद वाचता, सांगा मले. पुढचा जमाना हायब्रिडचाच हाय ना?"

आम्ही काही इंजिनिअर नाही. परंतु चार पुस्तके चाळली, दोन गॅरेजवाल्यांना भेटलो, आणि दादांनी तर उभे आयुष्य यंत्रांतच काढलेले. त्या आठ दिवसांत जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो. आज आपल्या वस्तीतली कितीतरी पोरे टॅक्सी-जीपच्या धंद्यात आहेत, आणि हा प्रश्न आमच्याच घरचा नाही.

आधी टर्बो म्हणजे काय? इंजिनातून जळून बाहेर पडणारा धूर एरवी सायलेन्सरमधून वाया जातो. त्या धुराच्या जोरावर एक छोटी चक्री फिरवायची. तिच्याच दांड्यावर दुसरी चक्री बसवलेली असते, ती बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त मिळाली की इंधन जास्त जाळता येते, म्हणजे लहान इंजिनातून मोठ्या इंजिनाचे काम. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्येच याचे पेटंट घेतले होते. आज रस्त्यावरची जवळजवळ प्रत्येक डिझेल गाडी टर्बोच असते.

डोंगरात याचा फायदा दुप्पट. चिखलदरा सुमारे अकराशे मीटर उंचीवर आहे. तेवढ्या उंचीवर हवा विरळ होते आणि साध्या इंजिनाची साधारण दहावा हिस्सा ताकद कमी होते. टर्बो हवा दाबून भरत असल्यामुळे ही तूट बरीचशी भरून काढतो. दोष एकच. इंजिन अगदी हळू फिरत असताना धुराला जोर नसतो, म्हणून पाय दाबल्यावर क्षणभर गाडी विचार करते. घाटातल्या वळणावर, गाडी भरलेली असताना, हा क्षण ड्रायव्हरला चांगलाच जाणवतो. म्हणून जुने ड्रायव्हर वळणाच्या आधीच गिअर खाली टाकतात.

हायब्रिडमध्ये पेट्रोल इंजिन असते, शिवाय विजेची मोटर आणि बॅटरी. ब्रेक मारताना एरवी जी शक्ती उष्णता होऊन फुकट जाते, तिच्यातून मोटर उलटी फिरून वीज करते आणि बॅटरी भरते. ही बॅटरी घरी प्लग लावून भरावी लागत नाही. टोयोटाची प्रियस ही अशी गाडी १९९७ च्या डिसेंबरात जपानात विक्रीस आली. मोटरचा गुण हा की शून्य वेगापासूनच तिचा पूर्ण जोर मिळतो, टर्बोसारखी वाट पाहावी लागत नाही. दगडावरून इंच-इंच चढताना हा गुण मोलाचा.

मात्र हायब्रिड हे नाव फार स्वस्त झाले आहे. काही गाड्यांना 'माइल्ड हायब्रिड' म्हणतात. त्यांतली छोटी मोटर इंजिनाला नुसता हात देते, एकटी गाडी ओढत नाही. सरळ विचारावे, "इंजिन बंद ठेवून ही गाडी नुसत्या मोटरवर चालते का?" उत्तर "नाही" असेल तर जास्तीचे पैसे कशाचे, तेही विचारावे.

आता मुद्द्याची गोष्ट. टर्बो आणि हायब्रिड हे एकमेकांचे वैरी आहेत असे समजणेच चूक. अमेरिकेत टोयोटाची फोररनर नावाची रानावनात चालणारी गाडी आहे. २०२५ च्या नव्या मॉडेलमध्ये २.४ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन दिले, आणि जास्त पैसे मोजणाऱ्याला त्याच टर्बो इंजिनाला मोटर जोडून दिली. साध्या टर्बोची ताकद २७८ अश्वशक्ती, हायब्रिडची ३२६. ओढण्याचा जोर तर ४३० वरून ६३० न्यूटन मीटरवर गेला. पण इंधनाची बचत अगदी थोडी. तिथे मोटर बचतीसाठी कमी आणि जोरासाठी जास्त आहे. शिवाय बॅटरीने जागा खाल्ली, मागचा सामानाचा तळ उंच झाला, आणि तिसऱ्या रांगेची सीट हायब्रिडमध्ये मिळत नाही. ज्याचा धंदा सीटवर चालतो त्याने हे वाचून काय ते समजावे.

आपल्याकडे चित्र उलटे आहे. २०२२ मध्ये आलेल्या मारुतीच्या ग्रँड विटारा आणि टोयोटाच्या हायरायडर या जुळ्या गाड्यांचे खरे हायब्रिड बचतीसाठी आहे. कागदावर २७.९७ किलोमीटर. पण त्यात ताकद फक्त पुढच्या चाकांना. चारही चाके ओढणारी गाडी हवी असेल तर त्याच नावाची, पण माइल्ड हायब्रिड इंजिनाची गाडी दिली गेली. चारही चाके ओढणाऱ्या अस्सल जीप-जातीच्या गाड्या पाहाल तर २०२० ची थार टर्बो पेट्रोल आणि टर्बो डिझेल अशा दोन इंजिनांत आली, फोर्सची गुरखा टर्बो डिझेलमध्ये. २०२३ ची जिम्नी तर ना टर्बो ना हायब्रिड, साधे दीड लिटरचे पेट्रोल इंजिन, आणि तरी डोंगरात शेळीसारखी चढते. कारण तिला लो गिअरची वेगळी दांडी आहे आणि अंगाने ती हलकी आहे. चिखलातून गाडी बाहेर काढतात ते चाके, गिअर, टायर आणि जमिनीपासूनची उंची. इंजिनाचा नंबर त्यानंतर.

हे सगळे ऐकून दादांनी पोराला एकच प्रश्न केला. "अरे, सात माणसं अन् टपावर पोती घेऊन तू घाट चढतोस. तवा वजन कुठं जाते?"

वजन मागे जाते. गाडी चढावर असली आणि मागे भरलेली असली की पुढची चाके हलकी होतात. हलके चाक ओल्या मुरमावर नुसते फिरते. म्हणजे पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी नेमकी तेव्हाच दगा देणार जेव्हा ती भरलेली असेल. मागच्या चाकांनी ढकलणाऱ्या गाडीला तेच वजन उपयोगी पडते. पोराने मान डोलावली. मालकाच्या जीपवर त्याने हे रोज अनुभवले होते, पण शोरूमच्या थंड हवेत ते आठवले नव्हते. (तिथल्या गुळगुळीत फरशीवर कोणाला आठवणार?)

मग आम्ही वही काढली. महिन्याला अडीच हजार किलोमीटर. हिशेबाला सोपे जावे म्हणून डिझेल ९० रुपये आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर धरले. घाटात, भरलेल्या डिझेल गाडीला १४ चा ॲव्हरेज धरला तर महिन्याचे इंधन सुमारे १६,००० रुपयांचे. हायब्रिडला कागदावरचे सत्तावीस सोडून घाटाचे २० धरले तर १३,००० रुपये. बचत झाली तीन हजारांची. आता जादा सहा लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने सात वर्षे घेतले तर त्याचाच हप्ता महिना ९,९६० रुपये. तीन हजार वाचवण्यासाठी दहा हजार भरायचे! हायब्रिडची बचत दिसते ती शहराच्या गर्दीत, जिथे पावलोपावली ब्रेक मारावा लागतो. मुंबई-पुण्यात टॅक्सी चालवणाऱ्या भावाने हाच हिशेब आपल्या आकड्यांनी मांडावा, त्याचे उत्तर वेगळे येऊ शकेल.

करांचीही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी. २२ सप्टेंबर २०२५ पासून जी.एस.टी. बदलला. चार मीटरच्या आतली आणि पंधराशे सी.सी.पर्यंतची डिझेल गाडी १८ टक्क्यांत आली, तर मोठ्या गाड्या, हायब्रिड असोत वा नसोत, ४० टक्क्यांत. पूर्वी मोठ्या हायब्रिडला मोठ्या जीपपेक्षा कर थोडा कमी लागे, ती सवलत संपली.

वहिनी इतका वेळ भाकऱ्या थापीत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, ते सारं ठीक हाय. पन ते सेमाडोहच्या जंगलात बंद पडली, त कोन दुरुस्त करन?"

याला तोड नाही. हायब्रिडमध्ये नारिंगी रंगाच्या जाड वायरी असतात, त्यांत जिवाला धोका होईल इतका विजेचा दाब असतो. रस्त्यावरच्या मेस्त्रीने त्यांना हात लावता कामा नये. बॅटरी एरवी टिकाऊ असते. टोयोटा आणि मारुतीने तिला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी दिली. घरच्या वापराला हे पुष्कळ झाले. पण महिना अडीच हजार चालणारी गाडी हा पल्ला साडेपाच वर्षांत गाठते, आणि कर्ज सात वर्षांचे! शिवाय बॅटरी थंड ठेवण्यासाठी हवेची जाळी अनेक गाड्यांत मागच्या सीटजवळ असते. तिच्यावर पोती रचली की झाले.

डिझेलही निर्धोक नाही, हे सांगितले पाहिजे. एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते. गाडी रोज दोन-चार किलोमीटरच फिरली तर ती तुंबते, दिवा लागतो आणि खर्च निघतो. तिला अधूनमधून लांब पल्ला हवा. आमच्या पोराला ती चिंता नव्हती.

वहिनींच्या त्या प्रश्नामागे एक जुनी जखम होती. १९९६ साली दादांनी भागीदारीत एक जुनी जीप घेतली होती. इंजिन बसले, दोन महिने गाडी उभी राहिली, तीन हप्ते थकले. एका सकाळी फायनान्सवाल्यांची माणसे आली आणि गाडी ओढून घेऊन गेली. गल्ली बघत उभी होती. वहिनींची बोरमाळ त्या गाडीत गेली ती गेलीच. पुतण्या तेव्हा तीन वर्षांचा होता, त्याला काही आठवत नाही. त्या रात्री प्रथमच दादांनी त्याला ती हकिगत सांगितली. पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मंग डिझेलच घेऊ. अन् ताईची फी आधी भरू."

चारही चाकांच्या गाडीचाही विचार झाला. ती घेतली असती तर नाल्यापलीकडची दोन गावे पावसाळ्यातही करता आली असती. पण तिची किंमत आणि कर दोन्ही आवाक्याबाहेर. पोराने ठरवले की पाणी चढले तर अलीकडेच थांबायचे. पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, हे दादांनी त्याच्याकडून वदवून घेतले. पाणी इंजिनात गेले असेल तर त्या एका स्टार्टरने आतला दांडा वाकतो, आणि साध्या विम्यात हे नुकसान बहुधा बसत नाही.

शेवटी मागच्या चाकांची, दीड लिटर टर्बो डिझेलची सात सीटची गाडी घेतली. बुकिंगच्या आधी हेच मॉडेल टॅक्सी परवान्यावर, पिवळ्या पाटीवर नोंदते का, हे आर.टी.ओ.त जाऊन विचारले. ज्यांना गाडी घ्यायची आहे त्यांनी ही पायरी चुकवू नये. पैसे भरल्यावर कळून उपयोग नाही. फंडातले निम्मे पैसे गाडीला लावले, बाकीचे कर्ज पाच वर्षांचे केले. फी भरली. वहिनींच्या नावावर बँकेत ठेव राहिली.

दादांनी पोराला टर्बोचे तीन नियम घालून दिले आहेत. सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर रेस करायची नाही, ऑइल वरपर्यंत चढू द्यायचे. ऑइल आणि एअर फिल्टर वेळेवर बदलायचे, उन्हाळ्यातल्या धुळीत तर वेळेच्या आधी, कारण ती चक्री मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेते आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगते. तिसरा नियम, घाट चढून आल्यावर इंजिन एकदम बंद करायचे नाही, मिनिटभर तसेच चालू ठेवायचे. नाहीतर तापलेल्या चक्रीतले ऑइल जळून त्याचा कोळसा होतो.

गेल्या महिन्यात आम्ही परतवाड्याला मुक्कामी होतो. रात्री आठच्या सुमारास गाडी गल्लीत शिरली, दारापुढे थांबली, इंजिन चालूच. पोरगा आत बसून दिवसाचे पैसे मोजत होता. वहिनी चुलीपुढून उठल्या नाहीत. इंजिन बंद झाल्याचा आवाज आला तेव्हा म्हणाल्या, "झालं मिनिट," आणि त्याचे ताट वाढायला घेतले.