मूळचे कुठले?

बालदोस्तांनो, पावसाळ्यात भंडारदऱ्याला गेलात तर रंधा धबधबा बघालच. १९२६ साली पुरं झालेलं विल्सन धरणही बघाल. पण रस्त्यात आडवी येणारी गुरंसुद्धा नीट बघा हं! पांढऱ्या अंगावर काळे नाहीतर तांबडे ठिपके, आणि धो धो पावसातही खुशाल चरणं चालू. ही डांगी गुरं. त्यांच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे पावसाचा त्यांना त्रास होत नाही.

ही गुरं पाळतं कोण? महादेव कोळी, ठाकर आणि कानडी. कानडी? आणि सह्याद्रीच्या कुशीत? हो! नावावरूनच ओळखा. या गुराख्यांचे पूर्वज कर्नाटकाकडून आले असं मानतात. आज ते मराठी बोलतात, इथल्याच डोंगरात गुरं चारतात. मग त्यांना 'बाहेरचे' म्हणायचं का?

असाच प्रश्न दूर जर्मनीलाही पडला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या कारखान्यांना माणसं कमी पडू लागली. १९६१ साली तुर्कस्तानशी करार झाला आणि कामगार आले. त्यांना म्हणत 'पाहुणे कामगार'. पाहुणा म्हणजे चार दिवस राहून जाणारा! १९७३ साली भरती थांबली, पण बरेच जण तिथेच राहिले. त्यांची मुलं जर्मनीत जन्मली, जर्मन शाळेत शिकली, तरी कागदोपत्री परकीच. द्वेषही वाट्याला आला. १९९३ साली झोलिंगेन शहरात एका तुर्की कुटुंबाचं घर पेटवलं गेलं. पाच जणी गेल्या, त्यात लहान मुलीही होत्या.

मात्र अनेक जर्मन माणसं या द्वेषाविरुद्ध रस्त्यावर उतरली. २००० सालापासून कायदाही बदलला. आई किंवा वडील ठरावीक वर्षं तिथे रीतसर राहत असतील, तर परदेशी आईबापांचं बाळही जन्मतःच जर्मन नागरिक होऊ लागलं. २०२० साली कोरोनावरची लस तयार करणारे उगुर शाहीन हे अशाच एका तुर्की कामगाराचे चिरंजीव!

पण थांबा. लस शोधली तरच माणूस आपला का? छे!

आता पुन्हा भंडारदऱ्याकडे येऊ. धरणाचं पाणी खाली जातं, तशी इथली माणसंही पोटासाठी खाली उतरतात. भातकापणी झाली की कितीतरी आदिवासी कुटुंबं नारायणगावकडे मजुरीला जातात. सोबत मुलंही असतात. नव्या शाळेत त्यांच्या बोलीला कुणी हसलं, की ते पोर गप्पच होतं. मग उत्तर येत असूनही हात वर करत नाही.

तुमच्या वर्गात असं कुणी आलं, तर बाकावर जरा सरकून बसा. त्याच्या बोलीतले दोन शब्द शिका, तुमचे दोन त्याला शिकवा. आणि आईबाबा, 'ती बाहेरची माणसं' असं आपण घरात किती सहज बोलतो, नाही का?

आज रात्री जेवताना आजी-आजोबांना एक प्रश्न नक्की विचारा, "आपण मूळचे कुठले?" उत्तर ऐकून कदाचित तुम्हीच चकित व्हाल!