वर्गाबाहेरचा इतिहास (भाग ६) : परांड्याला आलेली माणसे

देश घडवण्यात बाहेरून आलेल्यांचाही हात असतो, हे शिकवायचे म्हटले की बहुतेक शिक्षक अमेरिकेचे उदाहरण घेतात. धाराशिव जिल्ह्यातल्या शिक्षकांना इतक्या लांब जायची गरज नाही. मुलांना घेऊन परांड्याचा भुईकोट गाठावा.

हा किल्ला महमूद गवानने बांधला, असे मानले जाते. इराणच्या गिलानमधून आलेला हा व्यापारी बहमनी राज्याचा वजीर झाला. दरबारात तेव्हा नव्याने आलेले ‘आफाकी’ आणि इथे मुरलेले ‘दखनी’ असे दोन तट होते. त्या वैरातून त्याच्या नावाचे बनावट पत्र रचले गेले आणि १४८१ साली त्याला ठार मारण्यात आले. मुलांना गौरवगाथा सांगताना हा भाग गाळू नये.

विजापूरची मलिक-ए-मैदान तोफही आधी इथेच होती. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली ही तोफ १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने परांड्याहून नेली. तिच्या तोंडाशी जबडा वासलेला सिंह कोरला आहे आणि त्याच्या दातांत हत्ती सापडला आहे. ती ओतणारा कारागीर महंमद बिन हसन रूमी तुर्की मुलखाकडचा होता. त्याचे नावही तोफेवर कोरलेले आहे.

सर्वांत जास्त वेळ मात्र मलिक अंबरला द्यावा. त्याचा जन्म इथिओपियातला. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा बगदादमार्गे दख्खनला पोचला, तिथे निजामशाहीच्या पेशव्याने त्याला विकत घेतले. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडले, तेव्हा याच अंबरने मुर्तझा निजामशहाला परांड्यात गादीवर बसवून बुडणारे राज्य सावरले. पुढे त्याने खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवले आणि तिथे नहरीने पाणी खेळवले. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत ‘मलिकंबरी’ म्हणून ओळखली गेली. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले.

एवढे सांगितल्यावर मुले भारावतील. तिथेच त्यांना विचारावे, की अंबरने यातले काहीच केले नसते, तर त्याला इथे माणूस म्हणून जगण्याचा हक्क नव्हता का? तो काही नशीब काढायला निघाला नव्हता, त्याला बाजारात उभे केले होते. कर्तृत्व दाखवले तरच आपला, ही अट मला फार क्रूर वाटते.

आणि हे समजायला आपल्या मुलांना वेळ लागत नाही. भूम, कळंब, वाशी, परांडा भागातल्या कित्येक घरांत ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेतली जाते. मग कोयत्याची जोडी टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्राला नाहीतर कर्नाटकाला जाते, आणि लेकरे फडाशेजारच्या कोपीत राहतात. देशाची सीमा ती ओलांडत नाहीत, पण परक्या गावात उपरे होणे त्यांना पाठ असते. त्यांच्या आईबापांच्या कोयत्यावर साखर कारखाने चालतात, हेही वर्गात मोठ्याने सांगावे. मग जगाच्या नकाशावर गिलान आणि इथिओपियापासून परांड्यापर्यंत रेघा ओढाव्यात. शेजारी महाराष्ट्र-कर्नाटकाचा नकाशा लावून, ज्यांना वाटेल त्या मुलांना आपल्या घरच्यांची वाट आखू द्यावी.

पुढच्या आठवड्यात तेरला जाऊ. रोमन जगाशी व्यापार करणारे हे प्राचीन ‘तगर’ काय सांगते, ते पाहू.