ऑपरेशन थिएटरमध्ये काम करायचंय? आधी मोजायला शिका



घरात कुणाचं ऑपरेशन झालं की आपण पहिल्यांदा विचारतो, "डॉक्टर कोण होते?" सर्जनचं नाव सगळ्यांना पाठ असतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांचं नाव निदान बिलावर तरी सापडतं. पण पोट शिवायला घेण्याआधी ज्याने आत घातलेले कापडाचे मॉप एकेक करून मोजले आणि "एक कमी आहे, थांबा" असं म्हटलं, त्याचं नाव पेशंटला कधीच कळत नाही. आज त्या माणसाबद्दल बोलू. पुस्तकी नाव सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट, आपल्याकडच्या बोलण्यात ओ.टी. टेक्निशियन. आणि हे काम शिकायला चेन्नईत गेलं तर पुढ्यात काय येतं, तेही पाहू.

मोजण्यापासूनच सुरुवात करतो, कारण या कामाचा जीव तिथे आहे. रक्तात भिजलेला मॉप शरीराच्या आत दिसेनासा होतो, तो आतड्यांच्या मागे सरकून बसतो. म्हणून ऑपरेशन सुरू होण्याआधी मॉप, गॉज, सुया, हत्यारं मोजायची आणि फळ्यावर लिहायची. पोट बंद करण्याआधी पुन्हा, त्वचा शिवताना पुन्हा. मधे माणसं बदलली, तर तेव्हाही. मोजायचं दोघांनी मिळून आणि मोठ्याने. मनातल्या मनात मोजलेलं धरत नाहीत. ऑपरेशनच्या मॉपमध्ये एक रेष विणलेली असते, ती एक्स-रेमध्ये दिसते. हिशेब जुळला नाही आणि शोधूनही सापडलं नाही, तर टेबलावरच एक्स-रे काढतात.

आता प्रसंग डोळ्यांसमोर आणा. रात्रीचे दोन वाजलेत, सर्जन सहा तास उभे आहेत, भूलतज्ज्ञ घड्याळ बघतायत, आणि वीस-बावीस वर्षांचा मुलगा म्हणतोय, "सर, एक मॉप लागत नाही." हे वाक्य बोलायला जे बळ लागतं, ते अभ्यासक्रमाच्या पुस्तकात छापलेलं नसतं. ते थिएटरमध्ये, अनुभवी सिस्टर आणि सीनियर टेक्निशियनच्या शेजारी उभं राहून येतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ऑपरेशनसाठी सुरक्षेची यादी आणली: भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी काय काय मोठ्याने विचारून घ्यायचं, त्याची. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली, त्यात दिल्ली होती. मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं आणि मोठ्या गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. नवं औषध नव्हतं, नवं यंत्र नव्हतं. या यादीतल्या शेवटच्या टप्प्यात मॉप-सुयांची मोजणी येते.

बाकीचं शिक्षणही असंच बारकाव्यांचं. हात धुतल्यावर बोटं वर, कोपर खाली, म्हणजे पाणी कोपराकडे ओघळतं आणि धुतलेली बोटं पुन्हा खराब होत नाहीत. निर्जंतुक गाऊन घातला तरी फक्त पुढची बाजू, छातीपासून टेबलाच्या उंचीपर्यंत निर्जंतुक धरतात. पाठ आणि कमरेखालचा भाग नाही. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशाला पंधरा ते वीस मिनिटं किंवा १३४ अंशाला काही मिनिटं, हे सगळे पाठ करतात. पण ट्रे ठासून भरला तर वाफ आत पोचत नाही आणि बाहेरच्या पट्टीचा रंग बदलूनही आतलं हत्यार कच्चं राहू शकतं, हे हाताने ट्रे भरल्यावरच डोक्यात शिरतं. मेयो कात्री दोरे कापायला, मेट्झेनबॉम नाजूक ऊतींसाठी. दुसरीने दोरे कापले तर तिची धार जाते, आणि ज्याने ती हातात दिली त्याला त्यावरून बोलणी बसतात. हत्यार देतानाही मूठ सर्जनच्या तळहातात अशी टेकवायची की त्यांना ते फिरवावं लागू नये. नजर जखमेवरून हलत नाही, यासाठीच ही सगळी धडपड.

एक फरक इथेच सांगतो. अमेरिकेत हा माणूस मुख्यतः सर्जनच्या शेजारी हत्यारं घेऊन उभा राहतो. तिथे हे शिक्षण बऱ्याचदा कम्युनिटी कॉलेजात मिळतं, आणि सध्याच्या तिथल्या अभ्यासक्रमाप्रमाणे किमान १२० ऑपरेशनांत हात लागल्याशिवाय विद्यार्थी बाहेर पडत नाही. आपल्याकडे ती जागा पुष्कळ रुग्णालयांत सिस्टरच सांभाळतात. टेक्नॉलॉजिस्ट भुलीचं यंत्र तपासतो, पेशंटला योग्य स्थितीत झोपवतो, कॉटरीची प्लेट लावतो, दुर्बिणीचे मनोरे आणि सी-आर्म जोडतो. म्हणून चेन्नईतल्या पदवीच्या नावातच दोन्ही गोष्टी आहेत: बी.एस्सी. ऑपरेशन थिएटर अँड अॅनेस्थेशिया टेक्नॉलॉजी. ती तमिळनाडू डॉ. एम.जी.आर. वैद्यकीय विद्यापीठाची. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. तीन वर्षं शिक्षण आणि वर्षभर इंटर्नशिप. सरकारी जागांना राज्याच्या रहिवासाच्या अटी असतात, त्या फॉर्म भरण्याआधीच वाचा. महाराष्ट्रात राहून करायचं असेल, तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बी.पी.एम.टी. हा जवळचा मार्ग.

मग चेन्नईतल्या कम्युनिटी कॉलेजांचं काय? ही कल्पना भारतात रुजली ती याच भागात. १९९५ साली पुद्दुचेरीला पहिलं कॉलेज निघालं, १९९६ साली मद्रास कम्युनिटी कॉलेज. लोयोला कॉलेजचे प्राचार्य राहिलेले फादर झेवियर अल्फोन्स यांनी ती चळवळ देशभर नेली. शाळा सुटलेल्या, गरीब घरच्या मुलांना वर्षभरात कामाचं कौशल्य, चार लोकांत वावरण्याचं भान आणि प्रत्यक्ष कामाचा सराव द्यायचा, हा त्यामागचा विचार. आरोग्य सहायकाचा डिप्लोमा त्यात पहिल्यापासून चालत आलाय. मला ही कॉलेजं आवडतात. पण स्पष्ट बोलायला हवं: वर्षभराच्या डिप्लोमाने रुग्णालयाचं दार उघडतं, टेक्नॉलॉजिस्टचा शिक्का मिळत नाही.

याला कायद्याचा आधार आहे. २०२१ साली संसदेने अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा राष्ट्रीय आयोग नेमणारा कायदा केला. त्याच्या यादीत ओ.टी. टेक्नॉलॉजिस्ट नावानिशी आहे. अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायला किमान २००० तासांचं शिक्षण हवं, दोन ते चार वर्षांत पसरलेलं. आता "सहा महिन्यांत ओ.टी. टेक्निशियन, नोकरीची हमी" अशी पाटी दिसली, तर हिशेब तुम्हीच करा. या पाट्या फक्त चेन्नईत नाहीत, आपल्या तालुक्याच्या एस.टी. स्टँडसमोरही आहेत. दहावी-बारावी झालेल्या पोराचं एक वर्ष आणि घरचं सोनं गहाण टाकून उभे केलेले पैसे अशा ठिकाणी जातात. कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारतीचं कौतुक बाजूला ठेवा. विचारा: स्वतःचं रुग्णालय आहे का, नसेल तर कोणत्या रुग्णालयाशी लेखी करार आहे, मुलं कितव्या महिन्यापासून थिएटरमध्ये उभी राहतात, रोजच्या केसेसची नोंदवही ठेवतात का. जमलं तर ती वही हातात घेऊन चाळा. कोरी वही सगळं सांगते.

भाषेची भीती मराठी मुलांना वाटते. तंजावरच्या मराठी राजांच्या काळापासून आपली माणसं त्या मुलखात आहेत; सरफोजीराजांनी तर तिथे धन्वंतरी महाल चालवला. डॉक्टरांशी इंग्रजीत भागतं. पण कमरेत भूल दिलेला पेशंट जागा असतो, आणि तो बोलतो तमिळ. "वलिक्कुदा?" म्हणजे दुखतंय का, "बयप्पडादींग" म्हणजे घाबरू नका. कत्ती म्हणजे सुरी, ऊसी म्हणजे सुई. पहिल्या महिन्यात एवढं आलं तरी पुष्कळ.

आणि एक गोष्ट प्रवेश घेतल्या घेतल्या करा. हिपॅटायटिस बीची लस. तीन डोस असतात, पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा, म्हणजे थिएटरची पोस्टिंग लागण्याआधीच सुरुवात हवी. तरीही वापरलेली सुई टोचलीच, तर लपवू नका. बोलणी खावी लागतील म्हणून मुलं गप्प बसतात. एचआयव्ही टाळण्याची औषधं शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. त्यामुळे आधी जागा साबण-पाण्याने धुवा आणि तसेच ड्यूटीवरच्या डॉक्टरांकडे जा. हातातली केस दुसरा कुणीतरी सांभाळेल.