रक्ततपासणीचा अहवाल आणि जननेंद्रियावरील लक्षणे

रुग्ण समोर बसतो, लक्षणे सांगत नाही. घडी केलेला प्रयोगशाळेचा अहवाल पुढे सरकवतो. 'एचएसव्ही १ व २ आयजीएम : पॉझिटिव्ह' एवढीच त्यावर ओळ. असाच एक तरुण आमच्याकडे आला, तेव्हा त्याचा विवाह दोन महिन्यांवर होता. शिश्नाग्रावर लाली, खाज व पांढरट लेप होता. पुटकुळ्या वा व्रण नव्हते. औषधविक्रेत्याच्या सांगण्यावरून त्याने ही तपासणी करवून घेतली होती आणि विवाह मोडावा का, हे विचारायला तो आला होता. अहवाल पाहताच आमच्याही मनात प्रथम हर्पिसच आला, हे मान्य केले पाहिजे. मूत्रप्रवृत्तीविषयी विचारल्यावर दिशा बदलली. साखर बरीच वाढलेली निघाली. विकार कँडिडा या बुरशीचा होता.

आयजीएम तपासणी हर्पिसच्या निदानासाठी वापरू नये, असे अमेरिकेच्या सीडीसीच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे. ती कोणत्या प्रकारचा विषाणू आहे हे सांगत नाही, आणि जुना विकार उलटला तरी होकारार्थी येऊ शकते. म्हणजे 'नुकताच संसर्ग झाला' हा अर्थही निघत नाही. आपल्याकडे मात्र ती सर्रास लिहिली जाते.

आयजीजी तपासणी ग्लायकोप्रोटीन-जी वर आधारित, दोन्ही प्रकार वेगळे दाखवणारी असेल तरच उपयोगी. तिचाही आकडा पाहावा. टाइप २ चा इंडेक्स १.१ ते ३.० या पट्ट्यात असेल तर निकाल खोटा असण्याचा संभव मोठा. दुसऱ्या पद्धतीने खात्री केल्याशिवाय रुग्णावर शिक्का मारू नये. उलटपक्षी संसर्गानंतर प्रतिद्रव्ये दिसण्यास १२ आठवडेही लागू शकतात, म्हणून लवकर केलेल्या तपासणीतील नकारही अंतिम नव्हे. टाइप १ ची प्रतिद्रव्ये तर बालपणी ओठांवर आलेल्या फोडांमुळेही असतात. संसर्ग कोणत्या अवयवाचा, हे रक्त सांगत नाही. लक्षणे नसलेल्यांची सरसकट तपासणी नको, ही अमेरिकन तज्ज्ञगटाची शिफारस २०२३ मध्ये कायम राहिली, ती याच कारणांनी.

ताजी पुटकुळी वा ओला व्रण असेल तर स्वॅब घेऊन पीसीआर करणे हा खरा मार्ग. खपली धरल्यावर विषाणू सापडण्याची शक्यता घटते, म्हणून रुग्णास त्याच दिवशी पाठवावे. स्वॅबच्या जोडीला फिरंग व एचआयव्हीची तपासणीही हवी. खरूज, औषधामुळे उठणारे चट्टे, घर्षणजन्य क्षत हेही येथेच भेटतात. सुश्रुतांनी निदानस्थानात उपदंश व शूकदोष यांचे वर्णन वेगवेगळ्या अध्यायांत केले, शूकदोषाचे अठरा प्रकार सांगितले. या स्थानाचा प्रत्येक व्रण एकच नव्हे, हे आपल्याला नवे नाही. तरीही 'उपदंश म्हणजेच हर्पिस' असे समीकरण मांडणारी पत्रके निघतात, याचे नवल वाटते.

औषधालयाच्या मालकांना एक विनंती. अशा तक्रारीवर स्टेरॉइडमिश्रित मलमाची नळी देऊ नये. लक्षण दबते, बुरशी वाढते आणि पुढील वैद्याला मूळ रूप दिसतच नाही.

निदान पक्के झाल्यास विषाणूचा समूळ नाश करणारे औषध आज कोणत्याही पद्धतीत नाही, हे रुग्णाला सांगावे. असायक्लोविरसारख्या औषधांनी वेग व पुनरावृत्ती कमी होते, हेही सांगावे. गर्भिणीस शेवटच्या तिमाहीत प्रथमच व्रण उठले, तर नवजात बालकास गंभीर धोका असल्याने त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांकडे पाठवावे.

त्या तरुणाची साखर आटोक्यात आली, लाली गेली. विवाह ठरल्या तिथीस झाला. अहवालाचा कागद मात्र त्याने अजून जपून ठेवला आहे, असे तो परवा सांगत होता.